धंदा बुडालेल्या घरातल्या मुलांची झेप खुंटते का?

पाऊलवाट: मी बारा वर्षांची असताना वडिलांचा छापखाना बंद पडला. बेल वाजली की आई मला पुढे करायची, "बाबा घरात नाहीत म्हणून सांग." बाबा आतल्या खोलीत दिवा न लावता बसलेले असायचे. आज माझी नोकरी पक्की आहे, कुणाचं देणं नाही. पण स्वतःचं काही सुरू करायचं म्हटलं की तीच बेल कानात वाजते. धंदा बुडतो तेव्हा मुलांची झेपही तिथेच खुंटते, असं माझं ठाम मत आहे.

उनाडवारा: अजिबात पटलं नाही. आल्फ्रेड नोबेल जन्मला त्याच वर्षी, १८३३ मध्ये, वडिलांचं दिवाळं निघालं. त्यांनी रशियात, सेंट पीटर्सबर्गला नव्याने कारखाना उभारला. क्रिमियन युद्ध संपलं, सरकारी लष्करी कामं थांबली आणि तोही बुडाला. तरी आल्फ्रेडने डायनामाइट शोधलं, भावांनी बाकूत तेलाचा उद्योग उभारला.

पाऊलवाट: दुसरा कारखाना बुडेपर्यंत ती मुलं हाताशी आली होती. मधल्या बऱ्या वर्षांत घरी शिक्षक ठेवून शिकली होती. आइन्स्टाइनचं बघा. वडील आणि काकांच्या वीजयंत्रांच्या कंपनीचं म्युनिकच्या दिव्यांचं काम हुकलं, १८९४ मध्ये बिऱ्हाड इटलीला हललं, तिथेही धंदा बसला. १८९८ मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात तो स्वतःला घरावरचं ओझं समजतो. पुढे त्याने पेटंट कचेरीतली नोकरीच धरली ना?

दीपमाळ: आणि त्याच नोकरीत असताना भौतिकशास्त्राला कलाटणी देणारे १९०५ चे शोधनिबंध लिहिले! पक्की नोकरी म्हणजे खुंटलेली झेप, हे कुणी ठरवलं?

आमच्याकडेही धंदा बसला. वडिलांनी आम्हा दोघा भावांना समोर बसवून खातेवही उघडली. माल खपत होता, नफा दिसत होता, पण सगळा उधारीत अडकलेला. निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकाला, आणि त्यानेच हात वर केले. वरून राहतं घर गहाण. वडिलांचं बोट त्या एका नावावर किती तरी वेळ तसंच होतं. मी आज धंदा करतो, पण उधारीला मर्यादा आहे आणि घर गहाण टाकत नाही. भाऊ नोकरी करतो, तीही आवडीने. मुलांना खचवते ती लपवाछपवी, तोटा नव्हे.

उनाडवारा: हे मात्र शंभर टक्के मान्य. फक्त आकडे दाखवताना मुलांचं वय बघा. लहान मूल वही बघून रात्रभर जागेल.

पाऊलवाट: आमच्या घरी वही कधीच उघडली नाही, हे खरं. पण ती दाखवली असती तरी दारातलं कसं पुसलं जाणार होतं? त्या दिवशी दारात कागद पुरवणारे काका होते, मला तान्ही असल्यापासून ओळखणारे. आतून बाबांचा खोकला ऐकू आला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, "बरं बाळा" म्हणाले आणि जिना उतरून गेले.