'श्यामची आई' वाडीत उघड्यावर दाखवायचा आहे: पडदा, आवाज, पोरं… सल्ला हवा

खळ्यावरचा:
24 डिसेंबरला साने गुरुजींची जयंती. वाडी दापोली तालुक्यातली, म्हणजे गुरुजींचं जन्मगाव पालगड आपल्याच मुलखातलं. देवळापुढच्या अंगणात सिनेमा दाखवायचा आहे. दीडशे माणसं येतील, त्यात निम्मी प्राथमिक शाळेतली पोरं. 3000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर भाड्याने मिळतोय. 1953 चा कृष्णधवल, अडीच तासांचा सिनेमा आताची पोरं बसून बघतील का? की दुसरा रंगीत लावू?

दर्याकाठ:
अहो, हाच लावा. पहिल्याच राष्ट्रीय पारितोषिकांत सुवर्णपदक मिळवलेला हा सिनेमा, पण तो टिकलाय त्या पदकामुळे नाही. आई कठोर होते ती मुलाला कोणी भित्रं म्हणू नये म्हणून, हे पोरांना न सांगता कळतं. तिचं प्रेम लाडात नाही, करण्यात आहे. आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा आणि श्याम झालेल्या माधव वझेचे डोळे, सगळा सिनेमा तिथे आहे. तेवढे शेवटच्या रांगेपर्यंत पोचले की पोरं हलत नाहीत.

म्हणून चित्र ताणू नका. सिनेमा जुन्या, जवळपास चौकोनी मापाचा आहे. प्रोजेक्टर 16:9, म्हणजे रुंद मापाचा, असेल तर मेनूत 4:3 निवडा. पडदा 12 फूट रुंद असेल तर चित्र 9 फूट रुंद, पावणेसात फूट उंच येईल आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्या. पडदा भरावा म्हणून ताणलं की आईचा चेहरा फुगतो, डोळे चपटे दिसतात आणि सगळा भावच जातो. चित्राचा मोड 'सिनेमा' ठेवा, 'डायनॅमिक'मध्ये उजळ भाग नुसते पांढरे फटक होतात. रंगाचं प्रमाण शून्यावर आणा, निळसर झाक जाते.

पोफळीची बाग:
जांभ्याच्या भिंतीवर थेट दाखवू नका, खडबडीत लाल चिऱ्यावर छटा मरतात. जाड पांढऱ्या मांजरपाटाचा दुहेरी पडदा करा, मागून काळं कापड. दोन बाजूंना पोफळीचे वासे दोन-अडीच फूट पुरून ताणदोऱ्या द्या. कडेला दर दीड फुटाला रिंग आणि त्यातून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. सुतळीने घट्ट बांधलात तर वाऱ्याच्या पहिल्या झोताला कापड फाटतं किंवा वासा वाकतो. ट्यूब वाऱ्याबरोबर ताणते आणि परत येते.

दव विसरू नका. डिसेंबरात साडेआठनंतर सतरंज्या ओलावतात, खाली ताडपत्री टाका. प्रोजेक्टरवर चार काठ्यांचं छोटं छप्पर करा, पण हवा जायची जाळी झाकू नका.

खळ्यावरचा:
धन्यवाद. आवाजाला गावातला भोंगा चालेल का?

दर्याकाठ:
भोंगा नको. जुनं ध्वनिमुद्रण मधल्या पट्टीतच असतं, भोंग्यात ते अजून किरकिरतं. 'भरजरी गं पितांबर' आशाताईंच्या आवाजात हळुवार यायला हवं. दोन साधे स्पीकर पडद्याच्या दोन्ही अंगांना, पोरांच्या डोक्यापेक्षा जरा वर ठेवा. ट्रेबल थोडा खाली, बास जवळपास बंद. ब्लूटूथने जोडू नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. वायर लावा आणि दोन्ही स्पीकर बोलतात का ते आदल्या रात्री तपासा. चित्रही तेव्हाच बघा, त्याची दिवसा केलेली चाचणी फुकट जाते.

पोफळीची बाग:
वीज गेली तर दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा दिवा थंड व्हायच्या आत थांबतो आणि दिवा खराब होऊ शकतो. 600 व्हीएचा युपीएस फक्त प्रोजेक्टरला लावा, चार-पाच मिनिटं पुरे. जनरेटर लावलात तर शंभर फुटांवर ठेवा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

पावणेसातला सुरू करा, तोवर पुरेसा काळोख पडतो. मध्यंतर धरून साडेनऊपर्यंत संपतो. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून उशीर नको. सिनेमाचा 60 वर्षांचा हक्क 2013 अखेर संपला, पण संगीत आणि पटकथेचे हक्क वेगळे मोजतात. तेव्हा प्रत ज्यांच्याकडून घ्याल त्यांची सार्वजनिक प्रयोगाला लेखी परवानगी घ्या.

दर्याकाठ:
एक राहिलं. सुरू करण्याआधी पोरांना पाचच मिनिटं द्या: खोत म्हणजे कोण, सावकाराचा तगादा म्हणजे काय. गोष्ट सांगू नका. मध्यंतरात उजेड लगेच लावू नका, आधी एक मिनिट काळोख असू दे. चहा, कोकम सरबत त्यानंतर.