एकाच नावाचे दोन प्रसिद्ध लोक, मग नाव कोणी बदलायचं?

खडूस: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की नाव एकदा गाजलं की ते त्या माणसाचं झालं, नंतर येणाऱ्याने गुपचूप बदलून घ्यावं. रात्रभर डोक्यात भुणभुण चालू होती म्हणून लिहितोय. अहो, आधी कोण गाजलं हे पुढे आठवतं कोणाला? चर्चिलचंच घ्या. विन्स्टन चर्चिल नावाचा एक अमेरिकन कादंबरीकार होता, जन्म १८७१, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या चर्चिलपेक्षा तीन वर्षांनी मोठा, आणि १८९९ मध्ये पुस्तकं खपत होती ती त्याची, आपला ब्रिटिश चर्चिल तेव्हा नवखा. तर ह्या ब्रिटिशाने पत्र लिहून कळवलं की मी आपला माझ्या पुस्तकांवर 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' असं घालीन. त्यावर तो अमेरिकन म्हणाला, मला दुसरं नाव असतं तर मीही लावलं असतं, पण नाहीच आहे. आता सांगा, नाव कोणाचं झालं?

तिसरी घंटा: म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध केलंत की! नंतर आलेल्यानेच स्पेन्सर घातलं ना? मायकल कीटनचं खरं नाव मायकल डग्लस, पण हॉलिवूडच्या नटांच्या युनियनमध्ये एका नावाचे दोन मेंबर चालत नाहीत, बदललं त्याने. काय बिघडलं?

खडूस: युनियनचा नियम आहे तो, ब्रह्मवाक्य नाही. स्टीव्ह मॅक्वीन केवढा मोठा नट, १९८० ला गेला, त्याच नावाचा ब्रिटिश दिग्दर्शक त्याच धंद्यात आला, २०१४ ला त्याच्या सिनेमाला ऑस्कर. एक अक्षर बदललं नाही.

बोरू: सिनेमावाले सोडा हो. खरा घोळ नामदेवांच्या गाथेत बघा. संत नामदेव १२७० ते १३५०, विष्णुदास नामा थेट सोळाव्या शतकातला, आणि दोघांचे अभंग एकाच गाथेत कालवलेले.

निवांत: त्यात काय, 'विष्णुदास नामा' अशी नाममुद्रा दिसली की तो दुसरा. झालं.

बोरू: इतकं सोपं असतं तर अभ्यासकांनी आयुष्यं घातली नसती त्यात. काही अभंगांत पहिले नामदेवही स्वतःला विष्णुदास म्हणवतात! मग भाषा बघायची, तर ती पोथ्या उतरवून घेणाऱ्यांनी आपापल्या काळाप्रमाणे सरळ करून ठेवलेली.

निवांत: उद्या म्हणाल ज्ञानेश्वरही दोन होते.

बोरू: मी नाही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भारदे नावाच्या अभ्यासकाने तसं म्हटलंय. ज्ञानेश्वरी लिहिणारे वेगळे, अभंगवाले वेगळे. मला पटत नाही, पण वाद जुना आहे, माझ्यावर कशाला खेकसता.

निवांत: खेकसत नाहीये. ज्याला अभंग भिडतो तो ओळखपत्र मागत नाही एवढंच. तुम्हा लोकांना सगळीकडे कात्री लागते.

बोरू: भिडू दे की! पण ज्याने लिहिलं तो चारशे वर्षं दुसऱ्याच्या खात्यावर जमा आहे, त्याचं काय? तुमचं लिखाण असं गेलं असतं तर?

चष्मा: माझं गेलंय, म्हणून मध्ये पडते. माझ्याच नावाची एक बाई माझ्याच विषयात संशोधन करते. एका साइटने तिचे पेपर माझ्या नावावर टाकले आणि माझे दोन तिच्या. इंटरव्ह्यूत विचारलं हा पेपर समजावून सांगा, तो नेमका तिचा, आणि मी 'हा माझा नाही' म्हटल्यावर समोरच्यांचे चेहरे असे की मीच चोरी केलीय. दुरुस्तीला आठ महिने. शेवटी ऑर्किडचा (ORCID, संशोधकांची ओळख पटवणारा) सोळा आकडी नंबर घेतला, ते २०१२ पासून देतात. मशीन लर्निंगवाला मायकल जॉर्डन मध्ये 'आय' लावतो, त्याचं बरंय, बास्केटबॉलवाला काही पेपर लिहीत नाही.

तिसरी घंटा: बघा! गोंधळ होतोच, मी काल दुसरं काय म्हणत होतो?

खडूस: बरं बाबा. दोघंही हयात, क्षेत्रही एकच, तर मध्ये एखादं अक्षर घालावं. एवढंच देतो. पण ते ज्याच्याकडे आहे त्याने घालावं, उशिरा गाजला म्हणून शिक्षा नको.

तिसरी घंटा: वा, उपकार झाले. फ्रेम करून लावतो.

निवांत: ते जाऊ दे, विष्णुदास नामाचे नक्की कोणते ते सांगा की.

बोरू: आत्ता मगाशी ओळखपत्र नको होतं ना? घ्या गाथा आणि बसा. मी सहाव्यांदा बसलोय.