डिझायनर पर्स : तुमचा आकडा कसा ठरला?

डिझायनर पर्स घ्यावी की नाही यावर पुष्कळ बोलून झालंय, तो वाद इथे नको. ज्यांनी घेतली, किंवा घ्यायची म्हणून निघाले आणि हात हलवत परत आले, त्यांनी आकडा कसा ठरवला तेवढं लिहा. पगाराचा हिस्सा काढलात, बोनसची वाट बघितलीत, की घरात कोणाला कळू न देता काम उरकलंत? (तेही चालेल, चुगली कोणी करणार नाही.) नेमकी रक्कम नको. 'अर्धा पगार', 'दोन पगार' असं सांगितलं तरी अंदाज येतो.

सुरुवात मीच करते. मी आकडा उलटीकडून काढला. ही पर्स मी ऑफिसात खुर्चीच्या पायाशी ठेवेन का? पावसात छत्री नसेल तर डोक्यावर धरेन का? ज्या रकमेपर्यंत 'हो, बिनधास्त' असं उत्तर आलं ती माझी मर्यादा. ती साधारण अर्ध्या पगाराशी थांबली. परवडायला त्याहून महागही परवडली असती, पण मग पर्सने मला सांभाळायच्या ऐवजी मी तिला सांभाळत बसले असते. घेतली ती जाड दाण्याच्या लेदरची, गडद तपकिरी, बाहेर कुठे नाव नसलेली. रोज वापरते. कोपरे घासलेत आणि मला त्याचं काही वाटत नाही, म्हणजे आकडा बरोबर होता.

*

'एका वापरामागे किती पडते' हा भागाकार बऱ्याच जणी करतात. मीही करते, पण त्यात एक गोम आहे. किंमत खरी असते आणि दिवस आपण मनाने धरतो. रोज वापरणार, दहा वर्षं वापरणार, असं म्हणत भाजक फुगवत नेला की कुठलीही पर्स स्वस्त पडते.

म्हणून मी पुढचं धरत नाही, मागचं बघते. आत्ता कपाटात असलेली सगळ्यात चांगली पर्स गेल्या वर्षभरात कितीदा बाहेर पडली? माझी लग्नकार्याला आणि एखाद्या मोठ्या मीटिंगला, बस्स. बाकी दिवस तीच ती खांद्यावरची जुनी झोळीवजा बॅग. तेव्हा 'खास प्रसंगांची' पर्स घेताना मी हात आखडता घेतला आणि रोजच्या बॅगेवर सढळ हाताने खर्च केला. लोक सहसा नेमकं उलट करतात.

*

माझा धंदाच बॅगा दुरुस्तीचा. महागातल्या महाग आणि स्वस्तातल्या स्वस्त दोन्ही एकाच टेबलावर उघडतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पर्स पहिल्यांदा कुठे मरते? मधोमध कधीच नाही. कोपरे, पट्ट्याची मुळं, चेन आणि कडा. लेदर कापल्यावर जी उघडी कड राहते तिच्यावर रंगाचे थर देतात, प्रत्येक थर वाळवून, घासून मग पुढचा. घाईत एकच जाड थर दिला की वर्षभरात तो भेगाळतो आणि सालीसारखा सुटतो. दुकानात पर्स हातात आली की आधी पट्टा वाकवा आणि कडेकडे बघा. नावाच्या बिल्ल्याकडे मागाहून.

शिवण. हाताने घातलेल्या खोगीर-टाक्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि दोन्ही एकाच भोकातून आरपार जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. मशीनमध्ये वरचा दोरा खालच्यात अडकवलेला असतो, एक तुटला की ओळ उसवू लागते. एर्मेस या महागड्या फ्रेंच कंपनीच्या पर्सांना हा हातटाका असतो आणि सहसा एक कारागीर एक पर्स पूर्ण करतो. तिथे पैशाला काहीतरी उत्तर आहे. पण मशीनची शिवणही वाईट नसते. दोरा जाड असेल, टाके सारखे असतील आणि ताण येतो तिथे दुहेरी असतील तर पुष्कळ वर्षं जाते.

आता माल. फुल ग्रेन म्हणजे चामड्याचा वरचा थर, न घासलेला. तो टिकतो आणि जुना झाला की देखणा होतो. नुसतं 'जेन्युइन लेदर' लिहिलेलं असेल तर त्यावरून दर्जा कळत नाही, चामडं आहे एवढंच कळतं. बाँडेड लेदर म्हणजे चुरा आणि चिकटद्रव्य. आणि पीयू, म्हणजे कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेलं नकली लेदर. हिच्यावरून माझ्याकडे सर्वांत जास्त रडारड होते. 'अहो, वापरलीच नाही हो, कपाटात तर होती!' कपाटात होती म्हणूनच कळलं नाही. हवेतल्या दमटपणाने पीयूचा थर आतून तुटत जातो, चिकट होतो आणि मग त्याचे पोपडे निघतात. वापरा नाहीतर ठेवा, त्याला वय आहे. त्यावर पोपडे निघाल्यावर इलाज नाही, मी पैसे घेत नाही आणि परत पाठवतो.

सगळ्या महाग पर्सा लेदरच्या असतात असंही नाही. लुई व्हितॉंचं ते प्रसिद्ध मोनोग्राम, आद्याक्षरांची नक्षी १८९६ सालची, ज्यावर असतं ते सुती कापड असतं आणि वर पीव्हीसीचा थर. दणकट माल आहे, पाणी झटकतो. पण पट्टे बिनरंगाच्या कच्च्या लेदरचे असतात, त्यावर पाण्याचा थेंब पडला की डाग, हाताच्या घामाने काळपट. काहींना ते आवडतं, काही जणी पट्टे बदलायला माझ्याकडे येतात.

आकड्याचं म्हणाल तर माझा अनुभव असा : माल, शिवण, चेन आणि कड्या यांचा दर्जा किमतीबरोबर एका टप्प्यापर्यंत वाढतो. त्यापुढे हातात येणारी वस्तू फारशी बदलत नाही. तिथून पुढचे पैसे नावाचे, आणि ते द्यायला कोणाची हरकत नाही. फक्त कुठले पैसे कशाचे हे देताना माहीत असावं.

*

वरच्या 'नावाच्या पैशां'ना पुरवणी. २०२४ साली मिलानच्या न्यायालयासमोर आलेल्या कागदपत्रांतला आकडा वाचला तेव्हा माझे डोळे पांढरे झाले होते. डिओरची एक पर्स जोडून देण्याचे पुरवठादाराला ५३ युरो, आणि दुकानात तीच २६०० युरोंना. त्या ५३ मध्ये चामड्याचे पैसे नव्हते हे खरं, आणि दुकानं, जाहिराती, डिझाइन हा खर्चही असतोच. तरी जे उरतं ते उरतंच. प्रकरण मुळात मजुरांना कसं राबवलं जातं याचं होतं.

यावर मी पर्स घ्यायची सोडली नाही. पण 'महाग आहे म्हणजे बनवणाऱ्याला नीट मिळत असेल' ही समजूत माझ्या हिशेबातून कायमची गेली.

*

दुकानातली बाई म्हणाली, 'मॅडम, पुढच्या महिन्यात भाव वाढणार आहेत.' खोटं बोलत नव्हती. शनेलच्या क्लासिक पर्सचा भाव २०२० नंतर कसा चढत गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण भाव वाढणार हे माझा आकडा वाढवायचं कारण कसं काय होतं? मी घरी आले.

*

नवरा लिहितोय. बायकोच्या वाढदिवसाला घ्यायची होती आणि ते गुपित ठेवायचा माझा विचार होता. मेहुणीने वेळीच कान धरला : 'भावोजी, रंग तुम्हाला कळत नाही, माप तुम्हाला कळत नाही, सरळ तिला विचारा.' विचारलं. बायको म्हणाली, 'किती ठरवलेत?' मी आकडा सांगितला. 'एवढ्याची नको. त्यातल्या निम्म्याची घेऊ, उरलेल्यात तुझ्या दाताचं काम करून घे.'

झालं तसंच. दाताचं बिल निम्म्यापेक्षा जास्त आलं हा भाग वेगळा.

*

पर्स म्हणजे गुंतवणूक, असं मला मैत्रिणीने इतकं पटवलं होतं की मी कर्जाच्या हप्त्यावर घ्यायच्या बेतात होते. मग बसून बघितलं की भाव नेमका कोणाचा वाढतो. एर्मेसची बर्किन आणि केली ही दोन मॉडेलं, त्याही ठरावीक मापाच्या, रंगाच्या, जपलेल्या. आणि त्या दुकानात शिरून पैसे मोजले की मिळतात असं नाही, दुकानाने द्यावी लागते. बाकी बहुतेक पर्सांचा भाव दुकानाबाहेर पडल्या पडल्या उतरतो. शिवाय गुंतवणूक म्हणून घेतलेली पर्स वापरता येत नाही, ओरखडा म्हणजे तोटा.

गंमत बघा. जिच्यावरून हे नाव पडलं त्या अभिनेत्री-गायिका जेन बर्किनची स्वतःची ती पहिली बर्किन जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. आणि ती बाईंनी अगदी दणकून वापरलेली! वर स्टिकर चिकटवल्याच्या खुणा, आत नेलकटर लटकवलेलं. अर्थात ते पैसे बाईंचे आणि त्या पर्सच्या इतिहासाचे, तुमच्या-माझ्या पर्सवर कोणी स्टिकर लावून बघू नका.

हप्त्यावर घेतली नाही. रोख परवडेल त्यातली घेतली, आणि ती विकायचा विचार डोक्यात नाही.

*

मी वापरलेल्याच घेते. जी पर्स नवी घेणं माझ्या ऐपतीबाहेर आहे ती अशी पदरात पडते. आकडा असा : मागितलेली किंमत अधिक दुरुस्तीचा खर्च, आणि ही बेरीज माझ्या मर्यादेच्या आत बसायला हवी. विकणारे किंमत सांगतात, बेरीज कोणी सांगत नाही.

बघायचं काय? आतलं अस्तर. बाहेरून चकचकीत पर्सच्या आतल्या कप्प्यात बोट घालावं आणि ते चिकट लागावं, असं जुन्या पर्सांत फार होतं. हा चिकटपणा पुसून जात नाही, अस्तर बदलावं लागतं. मग वास : कोंदट बुरशीचा किंवा सिगारेटचा असेल तर फुकटातही नको. कोपऱ्यांना नवा रंग दिलाय का ते उन्हात धरून बघा. आणि अमुक क्रमांक आहे म्हणजे अस्सल असं समजू नका. क्रमांक नकली पर्सवरही छापता येतो. उलट २०२१ नंतरच्या नव्या लुई व्हितॉं पर्सांत जुना छापील डेट कोड (कधी-कुठे बनली ते सांगणारा क्रमांक) नसतोच, आत चिप असते. तेव्हा तो नाही म्हणून घाबरायचंही कारण नाही. पैसे देण्याआधी जाणकाराकडून तपासणी, तिचे पैसेही बेरजेत.

*

फर्स्ट कॉपीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी. हल्ली त्या इतक्या हुबेहूब असतात की त्यांचीही किंमत काही थोडीथोडकी नसते. तेवढ्या पैशात वरच्या दुरुस्तीवाल्या दादांच्या कसोटीला उतरणारी, स्वतःच्या नावाची पर्स येते. बाकी कायदा आहेच.

*

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा ठरवलं, एक तरी घ्यायची. हौसेला मोल नसतं हे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते. आकडा मी ठरवलाच नाही, सुनेला म्हटलं, 'तू फक्त सोबत ये, किंमत बघून ओरडू नकोस.'

पण आकडा ठरवला खांद्याने. जी मनात भरली होती तिला धातूची साखळी होती, कड्या जाड. माझ्या जुन्या पर्समधलं सगळं तिथेच बाहेर काढलं : चष्म्याचं घर, औषधांची डबी, पाण्याची छोटी बाटली, किल्ल्या, पाकीट. काउंटरवरची मुलगी बघतच राहिली. सगळं नव्या पर्समध्ये भरलं आणि दुकानात फेऱ्या मारल्या. साखळी मानेशी रुतायला लागली. सून म्हणाली, 'आई, ही रिकामीच जड आहे हो.' मग हलक्या, रुंद कापडी पट्ट्याची घेतली, ती निम्म्याहून कमी किमतीची निघाली. पैसे वाचवायला गेले नव्हते, वाचले. मुलींनो, तुमचे खांदे आज तरुण आहेत, पण दुकानात पर्स रिकामी लटकवून आरशात बघू नका, भरून बघा.

*

दोन लहान मुलं. कोकराच्या मऊ लेदरची पर्स बघून आले, बोट लावलं तरी नखाची रेघ उमटत होती. फिकट रंगावर नव्या जीन्सचा निळा रंग चढतो तो वेगळाच. माझ्यासाठी ती फुकट दिली तरी महाग.

नायलॉन घेतलं. 'नायलॉनला एवढे पैसे?' असं घरात झालंच. प्राडाने १९८४ मध्ये नायलॉनची बॅग काढली, लॉंशॉंची घडीची नायलॉन बॅग १९९३ पासून आहे, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही. मी लॉंशॉंची घेतली. ओल्या फडक्याने पुसली जाते, घडी घालून सामानात जाते. हिचे कोपरे लवकर भोकं पडून जातात हे मात्र खरं, आणि कोपऱ्याचं भोक नीट बुजवता येत नाही.

*

माझं अजून ठरलेलं नाही, तरी लिहिते. दर महिन्याला वेगळ्या खात्यात थोडे पैसे टाकते. एक मॉडेल मनात होतं. माझे पैसे जवळ पोचतात आणि भाव पुढे सरकतो, असं दोनदा झालं. आता मी त्याच्या मागे धावायचं थांबवलंय. आकडा तोच ठेवलाय, मॉडेल बदलणार.

एक प्रश्न दुरुस्तीवाल्या दादांना. घेतानाच दुरुस्तीसाठी काही वेगळे धरून ठेवावे का?

*

धरावे. रोज वापरलीत तर काही वर्षांत कडांना पुन्हा रंग, एखादी चेन, आणि पट्ट्याची मुळं एवढं काम निघतंच. पैसे देण्याआधी दुकानात तीन गोष्टी विचारा : दुरुस्ती तुम्ही स्वतः करता की बाहेर पाठवता, कशाचे पैसे घेता आणि कशाचे नाही, आणि हे मॉडेल बंद झालं तरी चेन-कड्या मिळतील का. उत्तर कार्डावर लिहून मागा. काही कंपन्या जन्मभर दुरुस्ती करून देतात, काही वर्षभरानंतर नवीन घ्या म्हणतात, आणि किंमत दोघींची सारखीच असू शकते. बाहेर करून घेणार असाल तर माझ्यासारख्याकडे आधी फोटो पाठवा. काही पर्सांत चेन अशी शिवलेली असते की ती बदलायला अर्धी पर्स उसवावी लागते, आणि ते घेण्याआधीच सांगता येतं.

घरी ठेवताना आत कागद भरा, कापडी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. आणि पट्ट्याने खुंटीला टांगून ठेवू नका, पट्ट्याची मुळं तिथेच जातात.