केमोच्या आधी गाठीतल्या पेशी मोजायला काय हरकत आहे?

आर्वीकर: मामाजींना लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, स्नायूपर्यंत गेलेला. पिशवी काढायच्या आधी सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या चार सायकल सांगितल्या. दर खेपेला पहाटेची नागपूर एसटी, परतताना ओकारीसाठी हातात पन्नी. गाठीत सीडी८ जातीच्या टी पेशी (कॅन्सरच्या पेशी मारणारे शरीराचे शिपाई) भरपूर शिरल्या असतील तर केमोचा गुण जास्त येतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. दुर्बिणीतून काढलेला तुकडा मेणात जपलेला असतोच. मग आधी मोजा ना! गुण येणार नसेल तर गरिबाला कशाला हिंडवता?

काचपट्टीवाला: मी पॅथॉलॉजी लॅबमध्येच आहे. रंग देऊन मोजता येतात, त्यात अवघड काही नाही. पण किती म्हणजे भरपूर? सगळ्यांनी मान्य केलेला आकडाच नाही. शिवाय एकाच गाठीत एका कोपऱ्यात गर्दी, दुसरीकडे शुकशुकाट. अमेरिकेतल्या अभ्यासात (2003) पेशी न मोजताच केमो दिली होती. काढलेल्या पिशवीत कॅन्सर उरलाच नाही असे 38 टक्के निघाले, नुसत्या ऑपरेशनवाल्यांत 15. कमी पेशी दिसल्या म्हणून केमो नाकारली, तर त्या 38 मधला एखादा तुम्ही घरी बसवाल.

आर्वीकर: म्हणजे 62 जणांची पिशवी साफ झाली नाही, हेही लिहा की. आणि मी नुसता आकडा म्हणत नाही. मावा खाणारे ढालकिडे बांधावर बसून काय कामाचे, मावा तर कपाशीच्या पानाखाली. पेशी गाठीच्या आत आहेत की कडेला अडकल्यात, तेवढं तर पाहा.

दारव्ह्याचा पोऱ्या: भाऊ, फवारा मारला का ढालकिडेबी मरतेतच ना? आमच्या काकाजीच्या पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून डॉक्टरनं सायकल पुढं ढकलली होती. ज्या शिपायाइवर भरोसा, त्याइलेच मारता. हा हिशेब मले नाई पटत.

काचपट्टीवाला: सायकल अडते ती बहुतेक रक्तातले न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचीच एक जात) उतरल्यामुळे, आणि ते पुन्हा भरून येतात. गाठीतल्या टी पेशींचा हिशेब वेगळा. केमोनं मरणाऱ्या पेशींचे तुकडे त्यांना शत्रूची ओळखही पटवून देऊ शकतात. आर्वीकर, कडेला की आत हा मुद्दा मात्र बरोबर, आम्हीही तेच पाहतो.

बिडीवाल्याची पोरगी: तुमचं मोजणं चालू द्या. बाबांना चैतात लाल लघवी झाली. दुखत काहीच नव्हतं. सगळे म्हणाले उन्हाळी लागली. धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आठ दिवसांत लघवी साफ, की बाबा पुन्हा बिडी ओढत बांधावर. दिवाळीनंतर दवाखान्यात नेलं तेव्हा गाठीनं वाट अडून किडनी फुगली होती. क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) पाहून डॉक्टर म्हणाले, सिस्प्लॅटिन झेपणार नाही. आता त्या गाठीत सीडी८ ची जत्रा भरली असती तरी बाबांच्या काय कामाची?

आर्वीकर: ताई, वाईट वाटलं. पण हा वेगळा विषय झाला.

बिडीवाल्याची पोरगी: वेगळा कसा? गुण येईल का हे विचारायला आधी औषध देता तर आलं पाहिजे.

दारव्ह्याचा पोऱ्या: हाव ना. आमच्याकडं त लाल लघवीवर पहिला डॉक्टर म्हंजे शेजारीण.

आर्वीकर: बरं, पेशी पाहून केमो बंद करा हे माझं म्हणणं मागे घेतो. मोजा हे नाही घेत. 2024 मध्ये केमोसोबत ड्युरव्हालुमॅब (टी पेशींना लागलेला ब्रेक काढणारं औषध) देऊन निकाल सुधारल्याचं आलंय, म्हणजे या पेशींवरही भरवसा ठेवला जातोय. सोमवारी तिसरी सायकल आहे. काचपट्टीवाले भाऊ, तो मेणाचा ठोकळा मागायचा कोणाकडे?

काचपट्टीवाला: जिथे तपासला त्या लॅबमध्ये. रिपोर्टवर बायोप्सी नंबर असतो, तो लिहून अर्ज द्या. आणि ठोकळा डिक्कीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात मेण मऊ पडू शकतं.