टेकडी, कुत्रा आणि दुर्बीण : आपापले अनुभव सांगा

पुण्यातली वेताळ टेकडी, तळजई किंवा तुमच्या गावाजवळचा माळ. सकाळी कुत्र्याला घेऊन पक्षी बघायला जाणाऱ्यांनी इथे लिहावं. नव्याने सुरुवात करणाऱ्याला उद्या सकाळी उपयोगी पडेल असं लिहा. अभयारण्यात कुत्रा न्यायचाच नाही, त्यामुळे तो विषय नको.

•••

आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा घेऊ नका. त्याची बारीक दोरी बाभळीत, करवंदीत अडकते आणि कुत्रा पाच मीटर धावून मग हिसका देतो. दोन मीटरचा साधा पट्टा कमरेच्या बेल्टला अडकवा, दुसरं टोक हार्नेसला पाठीवर. दुर्बिणीसाठी दोन्ही हात मोकळे राहतात. मुरमाड उतारावर मात्र तो कमरेवरून काढून हातात घ्यायचा, नाहीतर एका ओढीत तुम्ही खाली. दुर्बीण ८×४२ बरी, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमीच्या पुढच्या भिंगांची. १०× मध्ये कुत्र्याची प्रत्येक हालचाल चित्र हलवते.

•••

पट्ट्याआधी ‘थांब’ शिकवा. घरात, मग गच्चीवर, मग टेकडीवर. पाच सेकंदांपासून सुरुवात करून एका मिनिटापर्यंत न्या. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. दुर्बीण डोळ्याला लावली की बसायचं, एवढं त्याला कळलं की चिरक, गप्पीदास, वेडा राघू आरामात बघता येतात. पहिली दहा मिनिटं मात्र त्याला मनसोक्त हुंगू द्या. तेव्हा पक्षी बघायचा हट्ट धरला तर पुढे तो एका जागी टिकत नाही.

•••

मार्च ते ऑगस्ट पायवाट सोडू नका, हे हात जोडून सांगणं आहे. टिटवी उघड्या मुरमावर घरटं करते. बहुधा चार अंडी, दगडांत मिसळून गेलेली. कुत्रा ती खाईलच असं नाही, पण पाय पडतो. त्याहून मोठं नुकसान दिसतच नाही. उन्हाळ्यात टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. तुम्ही जवळ रेंगाळलात तर ती वरून ओरडत फिरते आणि अंडी खाली उन्हात तापतात. ओरडा सुरू झाला की फोटो न काढता आल्या वाटेने मागे फिरा. रातवा तर पाय पडेपर्यंत उठत नाही. पंख मोडल्यासारखा फडफडत पुढे गेला, तर कुत्र्याला त्याच्यामागे सोडू नका. अंडी किंवा पिल्लं तिथेच कुठेतरी असतात.

•••

पावसाळा संपला की कुसळं. त्यांचं शेपूट ओल मिळाली की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पीळ घेतं, आणि टोक आत आत जातं. घरी आल्यावर बोटांच्या मधली जागा, काखा, कान तपासा. कुत्रा डोकं एका बाजूला कलवून सारखं झटकत असेल तर कानात कापसाचा बड घालू नका, डॉक्टरकडे न्या. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची; रॉकेल, तेल लावू नये.

•••

कुत्र्याचं नाक कामाला लावा. चालता चालता तो ताठ उभा राहून एकाच झुडपाकडे बघू लागला, तर तिथे बऱ्याचदा तित्तिर असतात. पट्टा आखडून घ्या, दोन पावलं मागे सरका आणि त्याला बसवा. थोडा वेळ गेला की ते एकामागून एक बाहेर येतात.