'थिंग' म्हणजे सभा की चीजवस्तू?

उंडगा (धागाकर्ता): ओस्लोच्या मेट्रोत संसदेचं स्टेशन आलं की 'स्टूर्टिंगे' असा पुकारा होतो. स्टूर म्हणजे मोठा, टिंग म्हणजे सभा. इंग्रजीतलं 'थिंग' ते हेच! आइसलँडात 930 पासून थिंगवेलिरला आल्थिंग, म्हणजे अख्ख्या देशाची सभा, भरायची. तिथे कायदेवक्ता दर उन्हाळ्यात एक तृतीयांश कायदे तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आणि इंग्रजांनी त्याच शब्दाचं काय केलं? ज्याचं नाव आठवत नाही ते 'थिंग'. ही चक्क अधोगती आहे. खरा अर्थ आइसलँडनेच जपला.

कुळीथपिठी: 'खरा' कशावरून? जुना म्हणा. आणि सभा हा तरी पहिला अर्थ कुठे? गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतला याचा भाऊबंद म्हणजे 'काळ'. आधी ठरलेली वेळ, मग त्या वेळी जमणं, असं बरेच अभ्यासक धरतात. तुमच्या न्यायाने आइसलँडवालेही भ्रष्टच. शिवाय इंग्रजांनी सभा अगदीच टाकली नाही. निवडणुकीच्या 'हस्टिंग्ज'मध्ये, म्हणजे प्रचारसभांच्या नावात, जुनं 'घर-थिंग' दडलंय.

निम्माशिम्मा: सभेपुढचा खटला, मग खटल्याचा विषय, मग कुठलाही विषय, शेवटी कुठलीही वस्तू. शब्द असा सरकत गेला. डचमध्ये मधली पायरी अजून शाबूत आहे: 'डिंग' म्हणजे वस्तू, 'खेडिंग' म्हणजे खटला. लॅटिन 'काउसा'चाही एक अर्थ खटलाच, फ्रेंचमध्ये त्याचं 'शोज' झालं, म्हणजे वस्तू. सगळीच मंडळी अधोगतीला लागली का?

शेजारीण: एवढं लांब कशाला? आपली 'गोष्ट' घ्या. संस्कृत 'गोष्ठी' म्हणजे मंडळींची बैठक. त्याच्याही मागे 'गोष्ठ', म्हणजे आपला गुरांचा गोठा! 'अगं, एक गोष्ट सांगायचीच राहिली' म्हणताना मला तरी शेणाचा वास येत नाही.

उंडगा: गोष्ट पटली. (हा शब्द आता जपून वापरावा लागणार.) पण नॉर्वेजियन बघा, दोन्ही अर्थ नांदतात, फरक फक्त लिंगाचा. 'एन टिंग' वस्तू, 'एत टिंग' सभा. पहिल्याच महिन्यात दुकानात मी 'अजून एत टिंग हवंय' म्हणालो. गल्ल्यावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ते इथे नाही, कार्ल योहान रस्त्यावर भरतं." (संसद त्याच रस्त्यावर आहे.)

कुळीथपिठी: म्हणजे लिंग तुम्ही चुकवलंत आणि अधोगती इंग्रजांची. बरंय!