साचा कोरणाऱ्या हाताबद्दल

‘साच्यातून काढलेली भांडी म्हणजे धातूच्या भांड्यांची स्वस्तातली नक्कल, त्यात कुंभाराचं कसब ते काय?’ असं मध्ययुगीन इराणमधल्या मातीच्या भांड्यांबद्दल कुणी म्हणतं, तेव्हा त्यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. धातूचे घाट आणि नक्षी मातीत उतरवली जात होती हे खरंच. पण कसब नाही हे अजिबात पटत नाही. इराणमधल्या निशापूरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 1935 ते 1940 आणि पुन्हा 1947 मध्ये उत्खनन केलं, त्यात भांड्यांबरोबर भाजलेल्या मातीचे साचेही निघाले. साच्यात नक्षी खोलगट कोरली की भांड्यावर ती उठून येते. कूफी, म्हणजे अरबी लिपीच्या जुन्या कोनदार वळणाची, अक्षरं तर उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती सुरईवर सुलटी वाचता येतात. हे हात कच्चे नव्हेत!

शिवाय सुरई एका साच्यात होत नसे. पोटाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग वेगवेगळे दाबून काढायचे, मग पातळ चिखलाने जोडायचे. मान आणि मूठ नंतर बसवायची. मी एका संग्रहालयात अशी फुटकी सुरई अगदी जवळून पाहिली आहे. बाहेर वेलबुट्टी इतकी रेखीव, आणि आत सांध्यावर माती दाबणाऱ्या बोटांचे ओबडधोबड ठसे. किती वेळ तिथून हलवेना. आणि झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नाही म्हणून तिला कमी लेखू नका. पाणी पाझरून गार राहावं म्हणूनच ती कोरी ठेवायची, आपल्या माठासारखी.